ठेंगण्या पुलांची अर्धी गोष्ट

मागच्या भागात मी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमधल्या ठेंगण्या पुलांचा किस्सा सांगितला होता. नंतर नीट वाचल्यावर लक्षात आलं, की मी तो अर्धाच सांगितलाय. म्हणून आज दुरुस्ती.

आधी उजळणी. रॉबर्ट मोझेस 1924 मध्ये लाँग आयलंड स्टेट पार्क कमिशनचे अध्यक्ष झाले. तिथला बराचसा किनारा तेव्हा श्रीमंतांच्या मालकीचा. त्यांच्याशी भांडून मोझेसनी सामान्य लोकांसाठी उद्यानं उभी केली. 4 ऑगस्ट 1929 ला जोन्स बीच स्टेट पार्क खुलं झालं. अप्रतिम जागा, आणि तिथे जायला झाडांमधून जाणारे खास रस्ते, म्हणजे पार्कवे.

पण या पार्कवेवरचे पूल फार कमी उंचीचे. काही ठिकाणी कडेला जेमतेम 9 फूट. म्हणजे बस जाणारच नाही. रॉबर्ट कॅरो यांनी 1974 च्या मोझेस-चरित्रात, मोझेस यांच्याच एका जुन्या सहकाऱ्याच्या हवाल्याने लिहिलं, की हे मुद्दाम केलं होतं: बसने येणारे गरीब आणि कृष्णवर्णीय लोक लांब राहावेत म्हणून. 1980 मध्ये लँग्डन विनर यांनी हेच उदाहरण आपल्या निबंधात घेतलं आणि ते जगभर गेलं. आम्हा इंजिनिअर लोकांना तर ते फारच आवडतं. भेदभाव थेट काँक्रीटमध्ये हार्डकोड केलेला!

मी इथेच थांबलो होतो. 1999 मध्ये बर्नवर्ड योर्गेस या जर्मन अभ्यासकाने साधा प्रश्न विचारला: पार्कवेवर बस आणि ट्रकना नियमानेच बंदी होती, मग पूल ठेंगणे करायची गरज काय? शिवाय किनाऱ्याकडे जायला दुसरे रस्तेही होते. पुढे एका इतिहासकाराने पूल मोजले, तेव्हा ते त्या काळच्या इतर पार्कवेंपेक्षा खरंच कमी उंचीचे निघाले. त्यामुळे मोझेसच्या मनात काय होतं, हा वाद अजून मिटलेला नाही.

मला मात्र तो नियम जास्त खटकतो. त्यात कुणाच्या जातीचा, वंशाचा, पैशाचा उल्लेख नाही. फक्त वाहनाचा प्रकार लिहिलाय. पण 1929 मध्ये गाडी कुणाकडे होती आणि कुणाकडे नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. उद्यानाचं फाटक सगळ्यांना उघडं, आणि फाटकापर्यंतचा चांगला रस्ता फक्त गाडीवाल्यांना. कॅरोंच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे: किनाऱ्यापर्यंत रेल्वे न्यायलाही मोझेसनी नकार दिला होता.

गंमत म्हणजे स्वतः मोझेसना गाडी चालवता येत नव्हती. त्यांना ड्रायव्हर होता.

मी पुलांकडे बघत बसलो आणि रस्त्याकडेच्या पाटीवरचा नियम वाचायचा राहून गेला. चूक माझीच. भेटू पुढच्या भागात.