घळीतली वाट

तेरच्या वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची एक लहानशी बाहुली आहे. तिच्यासारखीच दुसरी एक बाहुली १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखालून निघाली आणि आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस पेटला, त्याआधीच ती तेथे पोहोचलेली होती. दोघी शेजारी ठेवल्या तर बहिणी वाटाव्यात. एक तेरणेच्या काठी राहिली, एक इतक्या दूर सासरी गेली.

दर हिवाळ्यात शाळेची मुले घेऊन तेरला जावयाचे, हा माझा नेम. उत्तरेश्वराचे देऊळ, विटांचे त्रिविक्रम मंदिर, गोरोबाकाकांची समाधी आणि शेवटी कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले हे वस्तुसंग्रहालय. एका वर्षी बाहुलीची गोष्ट मी रंगवून सांगितली, तेव्हा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, पण वाट कुठनं होती?"

मी म्हटले, "भडोच बंदरातून जहाजे जात."

"ते झालं बंदर. वाट कुठनं होती? आणि कुणी दाखवली?"

मुले कधी कधी इतिहासाच्या वर्मावरच बोट ठेवतात. बंदर, राजा, सन हे सारे मला पाठ होते. वाट मात्र मी कधी चाललो नव्हतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले एक पुस्तक आहे. लिहिणाऱ्याचे नाव उरलेले नाही; पण तो मिसर देशात राहून तांबड्या समुद्रातून व्यापार करणारा माणूस होता, हे ओळीओळीतून कळते. 'पेरिप्लस' या नावाने ते ओळखले जाते. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे नगर, असे तो सांगतो. तगराहून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येते, असेही तो नोंदवितो. या तगराचा शोध विद्वानांनी जुन्नरात केला, दौलताबादेत केला; शेवटी १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे आपले तेर, हे दाखवून दिले.

आता थोडा हिशेब करू. आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात तिच्यात बैलगाडी उतरली तर आसापर्यंत रुतते. तेव्हा गाड्या निघावयाच्या त्या पाऊस सरल्यावरच. आजच्या पंचांगाने बोलावयाचे तर दसऱ्याला शिलंगण करून तेरहून गाडी निघाली, की दहा दिवसांनी पैठण आणि पुढे वीस दिवसांनी भडोच. म्हणजे दिवाळीचे दिवस वाटेवर जावयाचे आणि गाडी बंदराला लागावयाची ती कार्तिकी एकादशीच्या सुमारास. त्याच सुमारास समुद्रावरचा वारा फिरतो. मिसराहून जुलै महिन्यात नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर आलेली जहाजे ईशान्येच्या वाऱ्यावर परत निघतात. प्लिनी हा रोमन ग्रंथकार सांगतो, की डिसेंबरात, फार तर जानेवारीच्या मध्यापूर्वी हिंदुस्थान सोडावा. काळ्या मातीचे वेळापत्रक आणि समुद्राचे वेळापत्रक असे एकमेकांना जुळलेले होते. तगरचा सारा व्यापार हा हिवाळ्याचा व्यापार होता.

याच पुस्तकात आणखी एका गावाचे नाव आहे. तांबड्या समुद्राच्या अरबी किनाऱ्यावर 'पांढरे गाव' अशा अर्थाच्या नावाचे एक बंदर होते. तेथे येणाऱ्या मालावर चौथा हिस्सा जकात घेणारा अधिकारी बसलेला असे, आणि तेथून एक वाट पेट्रा नगरीकडे, नबाती लोकांचा राजा मालिकस याच्याकडे जात असे. चौथाई वसूल करण्याची कल्पना आपल्याच लोकांना सुचली असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे!

पेट्रा आजच्या जॉर्डन देशात आहे. भोवती वाळवंट, तांबूस रंगाचे वालुकाश्माचे डोंगर, आणि नगरात शिरावयाची मुख्य वाट म्हणजे डोंगराला पडलेली एक चीर. तिला 'सिक' म्हणतात. लांबी सुमारे सव्वा किलोमीटर. दोन्ही बाजूंना शंभर हातांहून उंच भिंती, आणि काही ठिकाणी रुंदी इतकी कमी, की दोन लादलेले उंट समोरासमोर आले तर एकाने मागे सरावे. भूगर्भातल्या हालचालींनी खडक दुभंगला आणि मग पाण्याने त्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. धूप, मसाले, रेशीम यांचे तांडे या चिरेतून आत येत. इ. स. १०६ मध्ये रोमने हे राज्य गिळले, ३६३ च्या भूकंपाने नगरी खिळखिळी झाली आणि पुढे युरोप तिला विसरून गेला. १८१२ साली बुर्कहार्ट नावाचा स्विस प्रवासी अरबी वेषात या घळीतून आत शिरला, तेव्हा पाश्चात्त्य जगाला तिचे पुन्हा दर्शन घडले.

मला मात्र त्या नगरीच्या कोरीव महालांपेक्षा या घळीच्या दारातले एक काम अधिक मोलाचे वाटते. आपल्याकडे हिवाळा म्हणजे कोरडे आकाश. तिकडे उलट आहे. जो काय थोडा पाऊस पडतो तो हिवाळ्याच्या महिन्यांत, आणि पडतो तो उघड्या खडकावर. तेथे पाणी मुरवावयाला माती नाही, धरावयाला झाड नाही. चार कोसांवर ढग फुटतो, सगळे पाणी घळीच्या तोंडाकडे धावते, आणि आतल्या माणसाला डोक्यावर निळ्या आकाशाची पट्टी दिसत असतानाच पुढून लोंढा येतो. नबाती लोकांनी हे ओळखले होते. त्यांनी घळीच्या तोंडाशी बंधारा घातला, डोंगर पोखरून सुमारे ८८ मीटर लांबीचा बोगदा काढला आणि पुराचे पाणी बाहेरच्या बाहेर वळविले. पिण्याचे पाणी मात्र घळीतूनच शहरात नेले. एका भिंतीला कोरलेला पाट, दुसऱ्या भिंतीला भाजलेल्या मातीच्या नळ्या. गोरोबाकाकांच्या गावच्या माणसाला त्या नळ्यांचे कौतुक वाटणारच. ज्या वाटेने माणूस बुडावा, त्याच वाटेने त्याची तहान भागवावी, ही साधी गोष्ट नव्हे.

पुढे नगर उजाड झाले. बंधारा मोडला, गाळ साचला, पाण्याविषयीचे ते शहाणपणही गाळात गेले. १९६३ सालच्या एप्रिल महिन्यात फ्रान्सहून आलेले प्रवासी घळीत असताना पूर आला आणि वीसहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर घळीच्या तोंडाशी पुन्हा बंधारा बांधण्यात आला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी जेथे पाणी अडविले होते, तेथेच नव्या माणसांना ते अडवावे लागले. विसरलेला धडा पुन्हा शिकण्याची फी फार जबर पडली. २०१८ च्या नोव्हेंबरात पेट्रात पुन्हा पूर आला, तेव्हा हजारो प्रवाशांना वेळीच बाहेर काढता आले.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात अशीच एक सुंदर घळ आहे, अँटेलोप कॅन्यन. तेथे पावसाची वादळे येतात ती उन्हाळ्यात. १९९७ च्या ऑगस्टमध्ये काही मैलांवर पडलेल्या पावसाने तेथे अकरा जण वाहून गेले. तेव्हा हिवाळ्यात घळ पाहावी की पाहू नये, याला एक उत्तर नाही. घळ कोणत्या मुलखात आहे आणि तेथले पाणी कोणत्या महिन्यात चालते, हे ज्याला ठाऊक, त्याला विचारावे.

पेट्राला जाणे माझ्या आवाक्यातले नव्हते. पण घळीतून चालणे म्हणजे काय, ते अंगाने अनुभवावे असे फार वाटू लागले. महाराष्ट्रात वाळवंट नाही, पण घळ आहे. भंडारदऱ्याच्या पलीकडे, रतनगडाच्या सावलीत साम्रद नावाचे गाव आहे. तालुका अकोले, जिल्हा पूर्वी अहमदनगर, आता अहिल्यानगर. तेथे सह्याद्रीच्या काळ्या कातळाला सुमारे दोन किलोमीटर लांबीची भेग पडली आहे. तिला सांधण दरी म्हणतात. पावसाळ्यात ती पाण्याची असते. माणसाने जावयाचे ते पाऊस ओसरल्यावर, हिवाळ्यात.

डिसेंबरात मी गेलो. बरोबर साम्रदचाच एक तरुण होता. उन्हातून दोन पावले आत टाकली आणि एकदम कुणी ओला पंचा अंगावर टाकावा तशी थंडी आली. दोन्ही बाजूंना उभा कातळ, पायांखाली घरंगळून आलेल्या शिळा, काही तर दोन भिंतींत अडकून डोक्यावर अधांतरी राहिलेल्या. वर पाहावे तर आकाशाची चिंधी. मध्येच डोह लागला. कमरेइतके पाणी, आणि गारठा असा, की तोंडातून देवाचे नाव आपोआप बाहेर पडावे. पिशवी डोक्यावर घेऊन पलीकडे गेलो. पुढे जेथे दरी कोकणाकडे उघडते तेथे उन्हात बसलो.

भिंतीवर माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर एका खाचेत वाळलेला काटकीकचरा अडकला होता. मी विचारले, "हा इतक्या उंच कुणी टाकला?"

"पाण्यानं, गुरुजी," तो म्हणाला. "श्रावणात पाणी तिथनं चालतं. वाट त्याचीच. आपण चार महिने उसनी घ्यायची."

थोड्या वेळाने त्याने समोरच्या कड्यावरची सावली पाहिली आणि मला उठविले. त्याच्या हातात घड्याळ नव्हते. परतताना कोणत्या शिळेवर पाय द्यावयाचा, कोणती वरून कोरडी पण खालून हलती आहे, हे तो न पाहता सांगत होता. त्याला हे त्याच्या वडिलांनी शिकविले, वडिलांना त्यांच्या वडिलांनी. तेथे मला त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. वाट कुणी दाखविली? अशाच कुणीतरी.

उरलेले अर्धे उत्तर नाणेघाटात मिळाले. परतताना मी जुन्नरला उतरलो आणि घाट पाहावयास गेलो. 'पेरिप्लस'च्या काळी कल्याण बंदरावर निर्बंध आले होते आणि माल भडोचला जात होता. पण त्यापूर्वी घाटमाथ्यावरचा माल याच घाटाने कोकणात उतरे. माथ्याजवळ दोन कातळांच्या मधली अरुंद खिंड, तोंडाशी जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण, आणि खाली लेणे. लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. मागल्या भिंतीवर राजघराण्यातील माणसांच्या मूर्ती होत्या. वर नावे कोरलेली आहेत, पण मूर्ती गेल्या. खाली राहिले आहेत ते फक्त पायांचे अवशेष.

त्या पायांपुढे उभे राहिल्यावर मला पेट्राची आठवण झाली. तेथेही सिकच्या भिंतीवर उंटांचा तांडा आणि तो हाकणारी माणसे कोरलेली आहेत. वरचा भाग झिजून गेला आहे; गाळात बुडालेला खालचा भाग तेवढा वाचला. उंटांचे पाय वाचले, हाकणाऱ्यांचे पाय वाचले. येथे राजांचे पाय आणि वर नावे. तेथे तांडेवाल्यांचे पाय, आणि नाव कुणाचेच नाही.

तगरच्या गाडीवानांचे तर पायही कुठे कोरलेले नाहीत. त्यांनी वाहिलेले कापड केव्हाच विरले. मिसरच्या किनाऱ्यावर बेरेनिके या जुन्या बंदराच्या उत्खननात भारतीय सुती कापडाच्या चिंध्या मिळाल्या आहेत. त्यांवर विणणाऱ्याचे नाव नाही, वाहणाऱ्याचे तर नाहीच. पण केव्हा निघावे, कुठे थांबावे, कोणता ओढा कोणत्या नक्षत्रात फसवतो, हे त्यांना ठाऊक होते, म्हणूनच कापड बंदराला लागले. राजे जकात घेत होते. वाट चालू ठेवीत होते ते हे लोक.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मुले घेऊन तेरला गेलो. ती मुलगी आता आठवीत होती. बाहुलीपुढे उभे राहून मी तिला सारे सांगितले: दसऱ्याच्या गाड्या, फिरणारा वारा, पेट्राचा बंधारा, साम्रदचा तरुण, घाटातले पाय. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आमचे आजोबा सांगतात, तेरणेला कुठनं उतार आहे ते. पुलाच्या आधी गाड्या तिथनंच घालायचे. आता कुणी विचारत नाही त्यांना."

मी म्हटले, "मग तू विचार. आणि वहीत लिहून ठेव."

सुट्टीनंतर तिने वही आणून दाखविली. दोन पाने भरली होती. वर आजोबांचे नाव लिहिले होते.