एक धड, दोन माना

अकोटहून उत्तरेला निघालेली वाट शहानूरशी सातपुड्याच्या पायथ्याला लागते. वनखात्याच्या नाक्यावर नावे लिहून पावती घ्यावी लागते आणि तिथे थांबलेल्या बहुतेकांना वाघ पाहायचा असतो. त्यात वावगे काही नाही. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात जाहीर झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. पण याच जंगलाच्या पोटात नरनाळा आणि गाविलगड हे दोन किल्ले उभे आहेत. वऱ्हाडच्या इमादशाहीची सारी तारीख या दोन किल्ल्यांभोवती फिरते. शाळेच्या पुस्तकात मात्र ती बहमनी राज्याच्या पाच तुकड्यांची नावे मोजताना अर्ध्या ओळीत संपते.

नरनाळ्याचा महाकाली दरवाजा पाहून मन थक्क होते. फिकट वालुकाश्म, बाजूला पुढे आलेले जाळीदार सज्जे, कोरलेली कमळे आणि वर अरबी सुलेखनाची पट्टी. त्या लेखात बहमनी सुलतान महमूदशहाचे नाव आहे, काळ हिजरी ८९२, म्हणजे १४८७. कुराणातील वचने मिरवणाऱ्या या दरवाजाला लोक महाकाली म्हणतात आणि म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. गडावर बुऱ्हानुद्दीन बाघसवार वलींचा दर्गा आहे. हे वली वाघावर बसून गडावर फेरी मारीत, अशी श्रद्धा आहे. याच डोंगरातला कोरकू वाघाला कुला मामा म्हणून पूजतो. ज्या रानात वाघाशी गाठ ठरलेलीच, तिथे माणसाने त्याच्याशी नाते जोडून ठेवले, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो. (त्याच वाघासाठी पुढे बोरी, कोहा, कुंड अशी कोरकूंची गावे उठली. तो विषय वेगळा आणि मोठा आहे.)

चिखलदऱ्याजवळचा गाविलगड बहमनी अहमदशहाने १४२५-२६ च्या सुमारास बांधला. अबुल फजलने या गडाच्या बळकटीची तारीफ केली आहे आणि इथल्या एका झऱ्याच्या पाण्यात हत्यारांना पाणी देतात, अशी नोंदही करून ठेवली आहे. पण पाय थबकतात ते दिल्ली दरवाजाशी. हत्तींना पंजात धरलेले सिंह आणि त्यांच्यासोबत गंडभेरुंड, म्हणजे एक धड आणि दोन माना असलेला पक्षी. हे विजयनगरचे चिन्ह. ते मुसलमान सरदाराच्या दरवाजावर कसे आले?

हा दरवाजा फतहुल्ला इमादुल्मुल्कच्या काळचा मानतात. फतहुल्ला जन्माने विजयनगरकडचा ब्राह्मण, असे सांगतात. लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि १४९० च्या सुमारास स्वतंत्र झाला. अचलपूर ही त्याची राजधानी. त्याने पक्षी मुद्दाम कोरवला की कारागिरांच्या हाताला ते वळण होते, दगड सांगत नाही. पण कुणाला तो खटकला नाही आणि कुणी तो खरवडून काढला नाही, हे डोळ्यांना दिसते.

याला लगेच सलोख्याची गोड गोष्ट करून टाकण्याचा मोह होतो. तारीख तेवढी गोड नाही. शेजारची अहमदनगरची निजामशाही, तिचेही मूळ ब्राह्मण घराण्यात. पूर्वज पाथरीचे कुलकर्णी. पाथरी मात्र इमादशाहीत. बुऱ्हान निजामशहाला आपले वडिलोपार्जित गाव हवे होते. त्याने बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, अलाउद्दीन इमादशहाने नकार दिला आणि १५१८ मध्ये बुऱ्हानने पाथरी तलवारीने घेतली. दोन्ही घराणी मुसलमान, दोघांच्या मुळाशी जानवे, आणि भांडण वतनाच्या गावावरून! हिंदू विरुद्ध मुसलमान या चौकटीत हे प्रकरण बसवून दाखवावे कुणी. आणि 'आपली सल्तनत' म्हणून छाती फुगवणाऱ्या आपल्यातल्या मंडळींनीही पुढचे ऐकावे. शेवटचा बुऱ्हान इमादशहा याच नरनाळ्यावर कैदेत होता, तोही आपल्याच वजीर तुफालखानाच्या. १५७४ मध्ये मुर्तजा निजामशहाने गड घेतला. राजा आणि वजीर दोघेही त्याच्या बंदिवासात संपले. बावीस वर्षांत, १५९६ मध्ये, वऱ्हाड मोगलांच्या हाती गेले.

पुढे गाविलगड नागपूरकर भोसल्यांकडे आला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला, तेव्हा किल्लेदार होता बेनीसिंग. त्या लढाईत तो मारला गेला.

आज दोन्ही किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहेत आणि भोवतालचे रान वनखात्याचे. वाघांची गणना ठरलेल्या वर्षी होते, पावलांचे ठसेसुद्धा लिहिले जातात. गाविलगडाच्या मोठ्या मशिदीचे मागचे घुमट कोसळले आहेत. आपल्या मुलांना घेऊन जायचे तर पावसाळा सरल्यावर जावे, गवत बसलेले असते. सोबत फारशी-अरबी वाचू शकणारा एखादा मौलवी आणि एखादा कोरकू वाटाड्या असावा. महाकाली दरवाजावरची पट्टी सकाळच्या तिरप्या उन्हात वाचायला सोपी जाते.