पाया कशावर? मेक्सिको सिटीच्या जमिनीचा नकाशा

आम्ही तत्त्वज्ञानवाले ‘पाया’ हा शब्द फार सैल वापरतो. ज्ञानाचा पाया, नीतीचा पाया. इंजिनिअरला तशी मुभा नसते. त्याचा प्रश्न साधा असतो: इथली जमीन दर चौरस मीटरला किती टन पेलेल? हाच प्रश्न अख्ख्या शहराला विचारला तर काय होतं, ते आज मेक्सिको सिटीच्या उदाहरणावरून बघू.

अझ्टेक लोकांनी टेक्सकोको सरोवरातल्या बेटावर आपली राजधानी वसवली. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी ती जिंकली, त्याच जागी नवं शहर उभारलं, आणि पुढच्या शतकांत सरोवर आटवलं. पाणी गेलं, चिकणमाती राहिली. तिच्यात सुक्या मातीच्या वजनाच्या तीन-चारपट पाणी असतं. वर भार आला की ते हळूहळू निघून जातं, माती दबते आणि इमारत खचते.

आता गंमत बघा. दोष नुसता इमारतींच्या वजनाचा नव्हता. शहर तहान भागवायला खालच्या थरातलं पाणी उपसत होतं. १९४० च्या दशकात नाबोर कारियो या अभियंत्याने उपसा आणि खचणं यांचा संबंध दाखवून दिला. विसाव्या शतकात जुन्या शहराचे काही भाग सात मीटरहून जास्त खाली गेले. १९१० चा स्वातंत्र्यस्तंभ पाइलवर उभा आहे. भोवतालचा रस्ता खचत गेला, म्हणून त्याला पुढे चौदा पायऱ्या जोडाव्या लागल्या!

१९५९ मध्ये मार्साल आणि मासारी यांनी ठिकठिकाणच्या बोअरमधल्या मातीच्या तपासण्या एकत्र करून शहराखालच्या जमिनीवर मोठा ग्रंथ काढला. त्यातून तीन पट्टे दिसले: टेकड्यांची टणक जमीन, मधला संक्रमणाचा पट्टा, आणि सरोवराचा मऊ तळ. पण लक्षात घ्या, बोअर म्हणजे एक बिंदू. दोन बिंदूंमधली रेघ हे अनुमान असतं.

१९ सप्टेंबर १९८५ ला भूकंप झाला. केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर, पॅसिफिक किनाऱ्याजवळ. तरी शहरात हजारो माणसं गेली, आणि पडझड मुख्यतः जुन्या सरोवराच्या पट्ट्यात झाली. तिथली माती साधारण दोन सेकंदांच्या झोक्याने हलत राहिली, आणि सहा ते पंधरा मजली इमारतींना नेमका तोच झोका भोवला. म्हणजे, स्थिर वजन पेलणारी जमीन हलताना काय करेल, हा प्रश्न वेगळा आणि त्याचं उत्तरही वेगळं.

तेव्हा मला यातून दोन गोष्टी कळतात. एक, जमिनीच्या नकाशावर तारीख हवी, कारण आपणच ती जमीन बदलत असतो. दोन, तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे आधी विचारावं. मुंबईत भरावावरच्या इमारतीत घर घेताना आपण टाइल्स बघतो. बोअर कुठे घेतलं, किती खोल, हे कितीजण विचारतात?

असो. आता तुमचे प्रश्न घेऊ.