गेझिऱ्यातील तीन भागीदार

निळी नाईल आणि पांढरी नाईल खार्टूमजवळ एकमेकींना मिळतात. त्यांच्या बेचक्यातील काळीभोर, सपाट भूमी म्हणजे सुदानचा गेझिरा. पावसाच्या भरवशावर तेथील लोक ज्वारी पिकवीत, गुरे पाळीत. विसाव्या शतकाच्या आरंभी लँकाशायरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता आणि ही जमीन त्यास मानवणारी होती. आफ्रिकेच्या शेतीसाठी सरकार व परकीय भांडवल यांनी हातमिळवणी करावी, असे आज आग्रहाने सांगितले जाते. त्या विचाराचा हा एक जुना नि भव्य नमुना होय.

१९२५ साली सेन्नारचे धरण पूर्ण झाले. धरण, मोठे कालवे आणि जमीन सरकारची, देखरेख व कर्जपुरवठा ‘सुदान प्लँटेशन्स सिंडिकेट’ या ब्रिटिश कंपनीचा, श्रम कुळांचे. कापसाच्या उत्पन्नात कुळाला ४० टक्के, सरकारला ३५ आणि कंपनीला २५ टक्के वाटा ठरला. ज्वारी मात्र सर्वस्वी कुळाची. त्या काळातील मळ्यांवरील मजुरांची स्थिती पाहता ही वाटणी उदारच म्हटली पाहिजे.

परंतु वाट्याचा आकडा म्हणजे संपूर्ण भागीदारी नव्हे! कापूस पेरायचा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार कुळाला नव्हता. पेरणीची वेळ, पाण्याची पाळी, साऱ्यांवर कंपनीच्या गोऱ्या निरीक्षकाची नजर. वेचणीच्या मजुरांची मजुरीही कुळाच्याच वाट्यातून जाई. १९३० नंतर भाव कोसळले, पिकावर रोग पडले. आधीच्या सुगीत कंपनीच्या भागधारकांना घसघशीत लाभांश मिळाला होता. कुळांच्या पदरी कर्ज आले. पुढे वाईट वर्षांसाठी कुळांच्या वाट्यातून राखीव निधी साठविण्यात आला. तो आपल्याला वाटून द्यावा, म्हणून १९४६ साली कुळांनी कापूस पेरण्यास नकार दिला. ज्यांना कोणी काही विचारले नव्हते, त्यांनी प्रथमच एकजुटीने उत्तर दिले.

१९५० साली कंपनीचा करार संपला व कारभार गेझिरा मंडळाकडे आला. लगोलग कोरियन युद्धामुळे कापसाचे भाव गगनाला भिडले आणि कुळांच्या हाती अभूतपूर्व पैसा खेळू लागला. मूळ जमीनमालकांचे काय? १९२१च्या कायद्याने त्यांची जमीन चाळीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली होती. भाडे, एकराहून किंचित मोठ्या फेद्दानामागे वर्षाला दहा पियास्टर. कापूस कितीही महागला, तरी त्यांच्या हाती तेच दहा पियास्टर पडत राहिले.