मुठीतली माती

मी लहान असताना आमच्या आटपाडीत वर्तमानपत्र एस.टी.ने येत असे. गाडी वेळेवर आली तर सकाळी, आणि वाटेत चाक बसले तर दुपारी. वाचनालयात पेपर आला की पहिले पान वडीलधाऱ्यांच्या हाती जाई आणि आम्हा पोरांच्या वाट्याला खेळाचे पान येई. त्यामुळे देशाचे पंतप्रधान कोण हे कळण्याआधी कोणाचा त्रिफळा उडाला हे मला कळू लागले. ही खोड अजून गेलेली नाही. आता मी मास्तर आहे, चार कादंबऱ्या लिहून बसलो आहे, तरी पेपर हातात आला की तो मागूनच उघडतो.

त्या पानावर अधूनमधून एक चौकट असे. चौकटीत एखाद्या नामांकित खेळाडूचा हसरा फोटो आणि त्याच्या नावाचे सदर. कालचा सामना ज्याने खेळला तोच आज आपल्याला सांगतो आहे, या कल्पनेनेच अंगावर काटा येई. पुढे वाचन वाढले तशी एक शंका डोके वर काढू लागली. मद्रासचा गोलंदाज आणि दिल्लीचा फलंदाज, दोघांची भाषा इतकी सारखी कशी? दोघेही 'दडपणाखाली' खेळतात आणि दोघेही सामन्याचे श्रेय 'संपूर्ण संघाला' देतात! मग हे लिहितो कोण?

याचे उत्तर फार जुने आहे. दिवसभर ऊन खाऊन आलेल्या खेळाडूला रात्री टाक घेऊन बसण्याचे त्राण क्वचितच असते. इकडे छापखान्याला घाई असते. मग वार्ताहर त्याला गाठतो, चार प्रश्न विचारतो आणि उत्तरांचा लेख करून धाडतो. नाव खेळाडूचे, मजकूर वार्ताहराचा. हा व्यवहार उभयपक्षी सोयीचा असतो. मात्र त्यात कधीकधी मोठी खोट बसते.

इंग्लंडच्या सेसिल पार्किनला ती बसली. १९२४ साली बर्मिंगहॅमच्या कसोटीत दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव अवघ्या ३० धावांत आटोपला. कर्णधार आर्थर गिलिगन आणि मॉरिस टेट या दोघांनीच सगळे बळी घेतले, पार्किनच्या हाती चेंडू आलाच नाही. लगोलग पार्किनच्या नावाने एका वर्तमानपत्रात कर्णधारावर टीका करणारा लेख आला. लेख दुसऱ्याच्या हातचा होता असे पार्किनचे म्हणणे, पण नाव तर त्याचेच होते. तो पुन्हा इंग्लंडकडून कधी खेळला नाही. याच गिलिगनचा संघ १९२६ साली आपल्याकडे आला आणि आपल्या दि. ब. देवधरांनी त्याच्याविरुद्ध मुंबईत १४८ धावा काढल्या. देवधर पुण्याला संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांच्या नावाने दुसऱ्याने लिहिण्याची सोयच नव्हती!

डॉन ब्रॅडमनची कथा याहून निराळी. १९३० च्या इंग्लंड दौऱ्यात त्याच्या पुस्तकातील मजकूर लंडनच्या एका वर्तमानपत्रात छापून आला, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने त्याला ५० पौंडांचा दंड केला. पुढे १९३२ साली सिडनीच्या वर्तमानपत्राशी त्याचा लिहिण्याचा करार होता. पूर्णवेळ पत्रकार नसलेल्या खेळाडूने लिहू नये, असे मंडळाने बजावले. ब्रॅडमन म्हणाला, करार मोडणार नाही, हवे तर कसोटी खेळत नाही. अखेर वर्तमानपत्राच्या मालकांनीच त्याला मोकळे केले, तेव्हा कुठे तो मैदानात उतरला. बॅट उचलणाऱ्या हाताने लेखणी उचलली की सत्ताधाऱ्यांना धडकी भरते, ही गोष्ट इतकी जुनी आहे.

आपल्याकडे हा प्रवाह कसा आला? आमच्या सांगलीत १९१५ साली जन्मलेले विजय हजारे मुलखाचे अबोल. १९४८ च्या जानेवारीत त्यांनी ॲडलेडच्या एकाच कसोटीत ११६ आणि १४५ धावा काढल्या, पण आपल्या आठवणींचे 'अ लाँग इनिंग्ज' हे पुस्तक आले ते १९८१ साली, खेळ थांबून बराच काळ लोटल्यावर. सुनील गावसकरांनी ही रीत मोडली. त्यांचे 'सनी डेज' १९७६ साली आले तेव्हा ते ऐन बहरात होते, आणि त्याच वर्षी जमैकाच्या मैदानावर जे अंगावर आले ते त्यांनी भीडमुर्वत न ठेवता लिहिले. पुढे संदीप पाटलांनी तर मराठीत 'एकच षटकार' या नियतकालिकाचे संपादकपदच स्वीकारले. १९८२ साली मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारणारा माणूस संपादक! पेशाने अभियंता असलेले द्वारकानाथ संझगिरी त्यांचे कार्यकारी संपादक होते. त्याचे जुने, पाने सुटलेले अंक आम्ही वाचनालयात पुनःपुन्हा वाचले आहेत.

पण खेळाडूंनी लिहावे यासाठी आधी भाषा तयार व्हावी लागते, आणि ती घडवली पत्रकारांनी व समालोचकांनी. महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले बाळ ज. पंडित आकाशवाणीवर मराठीतून क्रिकेट सांगू लागले, तेव्हा शेतातल्या माणसालाही सामना 'दिसू' लागला. १९६२ साली 'महाराष्ट्र टाइम्स' निघाला. तेथे वि. वि. करमरकरांनी खेळाला हक्काचे पान मिळवून दिले, आणि क्रिकेटच्या शेजारी कबड्डी, खो-खो व कुस्तीलाही मानाने बसवले. २०२३ साली करमरकर गेले, २०२५ साली संझगिरीही गेले. मराठी खेळलेखनाचा एक काळच त्यांच्याबरोबर सरला.

या भाषेतील एक गंमत वर्गात मुलांना सांगताना मला नेहमी आनंद होतो. पायचीत, धावचीत, यष्टीचीत या शब्दांतले 'चीत' आले कोठून? ते आपल्या तालमीतून आले. साहेबाचा खेळ मराठीत आला तो लाल मातीत लोळूनच. पण ज्या आखाड्याने हा शब्द दिला, त्या आखाड्यातल्या माणसाने स्वतः किती लिहिले? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बैलगाड्या जुंपून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली. तो पराक्रम आपण वाचतो तो बहुधा बघणाऱ्यांच्या शब्दांत. लढणाऱ्याच्या शब्दांत कुस्ती वाचायला मिळणे आपल्याकडे दुर्मीळच.

तरी दोन हातांनी लिहिणे हे काही पाप नव्हे. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालीत आणि त्यावर लिहीत. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनला निघाले. त्याचे संपादन लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी केले, आणि पुस्तकावर राजांच्या नावाबरोबर बाईंचेही नाव आले. आपल्या वर्तमानपत्रांतही 'शब्दांकन' अशी एक सुरेख चाल आहे. मजकूर सांगणाऱ्याचे नाव वर, लिहिणाऱ्याचे खाली. त्या एका शब्दात सगळा प्रामाणिकपणा येतो. फसवणूक होते ती तो शब्द गाळला की.

एवढे शहाणपण मला आले कोठून, तेही सांगतो. ते पुस्तकातून आलेले नाही.

काही वर्षांपूर्वी शाळेचे हस्तलिखित काढायचे होते. सातवीतल्या एका मुलाने उत्तरेश्वराच्या यात्रेत नारळावरची कुस्ती मारली होती. मी त्याला म्हटले, "तुझ्या कुस्तीवर लिहून आण." पोराने वहीचे पान भरून आणले. अक्षर वाकडे, शुद्धलेखनाच्या नावाने शंख. त्यात त्याने असे काहीसे लिहिले होते, की समोरच्याच्या अंगाला घाम लई होता, हात निसटत होता, मग मी मुठीत माती घेतली, त्याच्या पाठीला चोळली आणि मग पकड बसली. मी कादंबरीकार! मला ते फारच साधे वाटले. रात्री बसून मी लेख नव्याने लिहिला. हलगी कडाडली, सिंहाच्या छाव्याने झेप घेतली, आसमंत टाळ्यांनी दुमदुमला. खाली मुलाचे नाव घातले. माझे कोठेच नाही.

हस्तलिखित फार वाखाणले गेले. पाहुण्यांनी त्या लेखाचा मुद्दाम उल्लेख केला. मुलगा मान खाली घालून उभा होता. कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या गोळा करताना तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला,

"गुरुजी, म्या झेप कवा घेतली?"

मी हसण्यावारी नेले. पण रात्री झोप येईना. मैदानाभोवती जमलेल्या माणसांपैकी हलगी सगळ्यांनी ऐकली होती, टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या होत्या. घामाने निसटणारा हात आणि मुठीतली माती ही मात्र एकट्या त्यालाच ठाऊक होती. नेमके तेवढेच मी खोडले होते, आणि सगळ्यांना ठाऊक असलेले तेवढे ठेवले होते.

तेव्हापासून खेळाडूचे सदर वाचताना मी त्यात माती शोधतो. चेंडू हातातून सुटताना बोट कोठे होते, पंच मान हलवेपर्यंत छातीत काय होत होते, असे एखादे वाक्य सापडले की लिहिणारा हात कोणाचा याची मी फिकीर करीत नाही. शब्दांकन करणाऱ्याने आपले काम चोख केले, असे समजतो. न सापडले तर फोटो कितीही हसरा असो, पान उलटतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याचे मूळ पान शोधले. ते रद्दीत गेले होते. मधल्या सुट्टीत मुलाला बोलावले आणि म्हटले, "बाळा, माझं चुकलं. तुझी कुस्ती तू पुन्हा लिही. जशी झाली तशी. एक अक्षर बदलणार नाही."

तो जरा वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरीत राहिला. मग म्हणाला,

"आता ऱ्हाऊ द्या गुरुजी. घरी आज्याला तुमचंच वाचून दावलंय. त्यो म्हणतो, लई झ्याक लढलास."