चहाच्या डबीच्या चार बाजू



मेळाव्याच्या पिशवीत या स्मरणिकेसोबत चहाची एक चौकोनी डबी मिळेल. तिच्यावरची व्यंगचित्रं आपल्याच वर्गातल्या चित्रकार मित्रानं काढली आहेत. माहिती जमवणं आणि चित्रांखालच्या ओळी लिहिणं माझ्याकडे होतं. मी पडले कोड लिहिणारी, इतिहासाशी संबंध दहावीच्या पेपरापुरता. त्या पुस्तकातला चहा मला एकाच ठिकाणी आठवतो: १७७३ साली, बोस्टनच्या बंदरात, पेट्या समुद्रात फेकल्या जाताना. तो चहा चीनचा होता, हे मात्र मला आत्ता कळलं.

डबीच्या झाकणावर नेहमीचंच चित्र आहे. पाठीवर टोपली घेतलेली, हसतमुख, चहा खुडणारी बाई. थॉमस लिप्टननं १८९० मध्ये सिलोनात मळे घेतले आणि आपला चहा मळ्यातून थेट किटलीत येतो, अशी जाहिरात केली. मळा आणि किटली यांच्या मधलं जे या ‘थेट’मध्ये गाळलं जातं, ते आम्ही चार बाजूंवर मांडलंय.

पहिल्या बाजूवर तराजू आहे. एका पारड्यात चहाची पेटी, दुसऱ्यात साहेब घाम पुसत अफूचे गोळे रचतोय. इंग्लंडला चहा हवा होता, पण इंग्लंडचा माल चीनला फारसा नको होता. त्यामुळे चांदी मोजावी लागे. त्यावर तोड म्हणून हिंदुस्थानातली अफू चीनमध्ये खपवली गेली. १८३९ मध्ये चीननं अफूचे साठे जप्त करून नष्ट केले, तेव्हा इंग्लंडनं युद्ध पुकारलं. माळव्याची अफू मुंबईतून जहाजावर चढे, म्हणून तराजूमागे मुंबई बंदर काढलंय.

दुसऱ्या बाजूवर रॉबर्ट फॉर्च्यून. कंपनीनं १८४८ मध्ये चहाची रोपं आणि त्यामागची विद्या मिळवण्यासाठी चीनला पाठवलेला हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ. डोक्याचा चकोट, मागे खोटी वेणी आणि अंगात चिनी झगा. काचेच्या बंद पेट्यांतून त्यानं हजारो रोपं हिंदुस्थानात धाडली. एका कारखान्यात त्याला कामगारांचे हात निळे दिसले. परदेशी गिऱ्हाइकांना चहा हिरवागार दिसावा म्हणून त्यात प्रशियन ब्लू हा रंग आणि जिप्सम मिसळलं जात होतं. चिनी लोक स्वतः असला चहा पीत नसत. चित्राखाली ओळ आहे: ‘गिऱ्हाईक म्हणजे राजा!’

तिसऱ्या बाजूवर कलकत्त्याचे तज्ज्ञ दुर्बीण लावून चीनकडे बघताहेत आणि शेजारी एक सिंगफो म्हातारा कप पुढे करून उभा आहे. आसामात सिंगफो लोक पिढ्यान्‌पिढ्या चहा पीत होते. मणिराम दिवाण यांच्याकडून माग लागून १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस त्यांच्यापर्यंत पोहोचला. हे झाड चहाचंच आहे, हे सरकारदरबारी मान्य व्हायला मात्र १८३४ उजाडलं. पुढे मणिराम यांनी स्वतःचे मळे काढले. १८५७ च्या उठावात सामील असल्याच्या आरोपावरून १८५८ मध्ये त्यांना जोरहाटला फाशी दिली गेली. इथे आमचं हसू थांबलं.

चौथ्या बाजूसाठी आम्ही दोघं बरेच दिवस भांडलो. छोटा नागपूर आणि इतर भागांतून आणलेल्या मजुरांचा हा विषय. प्रवासात आणि मळ्यांवर हजारो माणसं मेली. मित्राचं म्हणणं, मळेवाल्याची टर उडवू. मला ते पटेना, कारण टर कुणाचीही उडवली तरी चित्रात मार खाणारा मजूरच दिसणार होता. शेवटी चित्र काढलंच नाही. फक्त १८६५ च्या कायद्यानं ठरवलेला किमान महिना पगार लिहिला: पुरुष ५ रुपये, बाई ४ रुपये, मूल ३ रुपये. त्याखाली, पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटशिवाय पकडण्याचा अधिकार त्याच कायद्यानं मळेवाल्याला दिला, हेही. आणि सगळ्यात खाली मे १९२१ मधले दोन शब्द, ‘मुल्लुक चलो’. असं म्हणत चारगोला खोऱ्यातले हजारो मजूर मळे सोडून गावाकडे चालू लागले. वाटेत चांदपूर स्टेशनावर थांबलेल्या कुटुंबांवर रात्री गुरखा शिपाई घातले गेले.

काहींना ही बाजू रुक्ष वाटेल. पण साहेबाला हसायला हरकत नाही, त्याचा तोराच तेवढा होता. मजूर बाईला मात्र आजवर कितीतरी खोक्यांवर कुणी न विचारताच हसवून झालंय.

डबीत आसामचा चहा आहे. आलं घालून, दूध-साखर टाकून आपल्या पद्धतीनं उकळा, आणि तोवर डबी फिरवून चारही बाजू वाचा. इतिहासाच्या बाईंना विनंती, लाल पेन घेऊनच या.