नोंदवहीतील पूर्वज

मॉरिशसचा एखादा मराठी भाषक आपल्या पूर्वजाचे गाव शोधू लागतो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा एक क्रमांक असतो. प्रशासनात काम केल्यामुळे त्या क्रमांकाच्या जन्मकथेविषयी मला विशेष कुतूहल वाटते.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपली आणि ऊसमळ्यांना मजूर हवे झाले. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे करारबद्ध होऊन मॉरिशसला उतरली. बहुसंख्य कलकत्त्याहून व मद्रासहून गेली, कोकणातली मुंबई बंदरातून. प्रत्येकाला क्रमांक मिळे. नोंदवहीत नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खूण आणि गाव लिहिले जाई. १८६० च्या दशकात छायाचित्रही आले. मळा सोडून गेलेला मजूर ओळखता यावा, हा त्यामागील एक हेतू होता. पाळतीसाठी निर्माण झालेले हे दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन झाले असून आज वंशजांचा तोच मोठा आधार आहे.

खरी अडचण आपल्या बाजूला सुरू होते. नोंदीत आडनाव क्वचितच असते. बापाचे नावच पुढे तेथे आडनाव बनले. गावाचे नाव कारकुनाच्या कानावर पडले तसे इंग्रजीत उतरले. 'रत्नागिरी जिल्हा' म्हणजे १९८१ साली वेगळा झालेला सिंधुदुर्गही त्यात आला. सावंतवाडी तर निराळे संस्थान होते. शिवाय खोती गावांत सारा खोत भरी, त्यामुळे कुळाचे नाव सरकारी कागदात सापडेलच असे नाही. जो देशांतराला निघावा इतका गरीब, तोच आपल्या दप्तरात सर्वांत पुसट. अशा वेळी घरात टिकलेले कुलदैवताचे नाव महसुली कागदापेक्षा अधिक वाट दाखवू शकते.

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड मिळू शकेल, असे जाहीर केले. हक्क मिळाला, तरी तो सिद्ध होतो कागदानेच.

म्हणून अभिलेखांचे अ, ब, क, ड वर्गीकरण करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एकच विनंती: 'ड' वर्गात टाकण्यापूर्वी कागद एकदा वाचावा. ज्याच्यासाठी तो जपायचा, त्याचा अर्ज कदाचित पाच पिढ्यांनंतर येणार असतो.